मोठ्या अल्बमची पहिली रात्र हुकली तरी चालेल, दुसरा आठवडा हुकवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपासून तुम्ही संगीतावरचं यूट्यूब चॅनेल चालवताय, साडेचार हजार सबस्क्रायबर आहेत. एखाद्या मोठ्या कलाकाराचा अल्बम येणार असला की रात्र जागून पहिल्या तासाभरात रिअ‍ॅक्शन व्हिडिओ, म्हणजे पहिल्यांदा ऐकतानाची आपली प्रतिक्रिया, टाकता. त्याला नेहमीच्या कित्येक पट व्ह्यूज येतात, पण आठवडाभरात सगळं ओसरतं. सबस्क्रायबर जेमतेम वाढतात आणि पुढच्या व्हिडिओकडे त्या गर्दीतलं कुणी फिरकत नाही. अल्बमच्या लाटेवर चॅनेल वाढतं असं सगळे म्हणतात, मग आपलं कुठे चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

मी अकरा वर्षं संगीतावर व्हिडिओ आणि पॉडकास्ट करते आहे. त्यातली पहिली चार वर्षं मीही अगदी हेच केलं, त्यामुळे तुमची दमणूक मला समजते. मेहनत तुमची पुरेशी आहे. ती ज्या रात्री खर्च होते ती रात्र चुकीची आहे.

पहिल्या रात्री तुमच्याकडे येणारा माणूस कोण असतो ते आधी पाहू. तो अल्बम नुकताच ऐकून उठलेला असतो, किंवा ऐकत असतो. त्याला त्या क्षणी सोबत हवी असते. मला जिथे अंगावर काटा आला तिथे दुसऱ्यालाही आला का, एवढंच त्याला बघायचं असतं. ही भूक खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. पण ती भागवायला त्या रात्री हजारो जण बसलेले असतात, आणि माणूस सोबतीला ओळखीचा चेहरा शोधतो. तुमच्याकडे तो आला तो यूट्यूबने बाजूला दाखवलं म्हणून. सोबत मिळाली, गरज संपली, परत यायला कारण उरलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात येणारा माणूस निराळा असतो. त्याने अल्बम चार-पाच वेळा ऐकलेला असतो. दोन गाणी त्याच्या डोक्यातून जात नसतात आणि त्याच्याकडे प्रश्न असतो. ही चाल मी आधी कुठे ऐकली? मागे गाणारी बाई कोण? सातव्या गाण्यात ज्याचा उल्लेख आहे तो प्रसंग कधीचा? तो हे शोधपट्टीत टाइप करतो. उत्तर देणारे व्हिडिओ मोजके असतात. त्याला तुमच्याकडे नीट उत्तर मिळालं तर पुढचा प्रश्न पडल्यावर तो शोधपट्टीत तुमच्या चॅनेलचं नाव टाइप करतो. सबस्क्रायबर होतो तो असा.

ही माझी नुसती समजूत नाही, गाण्यांचं आयुष्यही असंच चालतं. अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' हा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ रोजी कसलीही पूर्वसूचना न देता आला. त्यात १२ गाणी. पहिल्या आठवड्यात बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं 'स्क्वॉबल अप', त्यामुळे साहजिकच सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. पुढे ९ फेब्रुवारी २०२५ ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात लमार आणि गायिका सिझा यांनी 'ल्यूथर' गायलं. ते गाणं त्याच महिन्याच्या अखेरीस पहिल्या क्रमांकावर गेलं आणि एकूण १३ आठवडे तिथे राहिलं. म्हणजे ते वर पोचलं अल्बम आल्यावर तीन महिन्यांनी. आता या गाण्यात कशाचं सॅम्पल, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, आहे? ल्यूथर वँड्रॉस आणि शेरिल लिन यांनी १९८२ साली गायलेल्या प्रेमगीताचं. आणि ते गीत मूळचं मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचं, १९६७ सालचं. १९६७ ते १९८२ ते २०२४ असा एका गाण्याचा प्रवास सांगणारा दहा मिनिटांचा व्हिडिओ ज्याने डिसेंबरात शांतपणे करून ठेवला असेल, त्याच्या दारात फेब्रुवारीची लाट आपणहून आली असेल. रिअ‍ॅक्शन व्हिडिओ तोवर शिळा झालेला असतो.

गायिका बिली आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'चंही तसंच. १७ मे २०२४ ला अल्बम आला. त्याआधी एकही गाणं सुटं प्रसिद्ध केलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात पुढे होतं 'लंच', कारण व्हिडिओ त्याचाच काढला होता. 'बर्ड्स ऑफ अ फेदर' त्या वेळी मागे होतं आणि पुढे महिनोन्महिने चढत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. कुठलं गाणं टिकेल हे पहिल्या रात्री कलाकारालाही सांगता येत नाही, आपल्याला कुठून येणार. म्हणून निकाल द्यायची घाई करण्यापेक्षा ऐकणाऱ्यांबरोबर राहणं जास्त फळतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. आधी दिवसांचं गणित. १० जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. त्याआधी अमेरिकेत मंगळवार होता, ब्रिटनमध्ये सोमवार. बिलबोर्डचा मोजणीचा आठवडाही शुक्रवार ते गुरुवार असतो, आणि पहिल्या दहा अल्बमची बातमी साधारण पुढच्या रविवारी बाहेर पडते. काही अल्बम प्रत्येक देशात तिथल्या मध्यरात्री येतात, काही जगभर एकाच क्षणी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची मध्यरात्र धरून. हे आधी तपासा. मी एकदा न तपासता थेट प्रक्षेपणाची वेळ जाहीर केली आणि अल्बम यायच्या कितीतरी तास आधी लोकांना बोलावून बसले. त्या दिवशी आलेले बरेच जण पुन्हा आले नाहीत.

शुक्रवार-शनिवार लोक 'कसा आहे' हे शोधतात. रविवारपासून शोध 'अर्थ काय' याकडे वळतो. अमुक ओळ कुणाबद्दल, अमुक गाणं कुणाच्या गाण्याला उत्तर आहे वगैरे. दुसऱ्या आठवड्यापासून 'कसं केलं' सुरू होतं: प्रोड्युसर कोण, वाद्य कुठलं, सॅम्पल कशाचं. मग दौरा जाहीर होतो, पुरस्कारांची नामांकनं येतात, वर्षअखेरीच्या याद्या लागतात, पुढे वर्धापनदिन. या प्रत्येक टप्प्यावर तोच अल्बम नव्या माणसाच्या कानावर पडत असतो. गूगल ट्रेंड्स फुकट आहे आणि त्यात केवळ यूट्यूबवरचे शोध वेगळे बघता येतात. कलाकाराच्या मागच्या अल्बमचा आलेख काढून बघा, कुठला शोध कधी वर गेला ते दिसतं. माझ्या दृष्टीने तासाभराचं हे काम दहा थंबनेल सुधारण्यापेक्षा मोलाचं आहे.

तयारी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. मी ज्या आठ-दहा कलाकारांवर बोलते त्या प्रत्येकाची एक वही आहे. साधी कागदी वही. त्यात प्रत्येक जुन्या अल्बमची श्रेयनामावली: गीतकार कोण, प्रोड्युसर कोण, मिक्सिंग कुणी केलं, कोरसमध्ये कोण. मुलाखतींत त्यांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टी, तारखेसकट. आणि अर्धवट राहिलेले धागे, म्हणजे कुठल्या गाण्यातली गोष्ट पूर्ण झाली नाही, कुठल्या जोडीदाराबरोबर पुन्हा काम करणार असं म्हटलं होतं. ही वही अल्बमची घोषणा झाल्यावर लिहायला घेतली तर उशीर झालेला असतो.

कारण घोषणा होईलच असं नाही. बियॉन्सेचा तिच्याच नावाचा अल्बम १३ डिसेंबर २०१३ ला आयट्यून्सवर अचानक उगवला, १४ गाणी आणि १७ व्हिडिओ घेऊन. टेलर स्विफ्टने २०२० साली 'फोकलोर' एका दिवसापेक्षाही कमी अवधी ठेवून जाहीर करून प्रसिद्ध केला. आणि तिच्याच 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'ची घोषणा ४ फेब्रुवारी २०२४ ला ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या समारंभात झाली, १९ एप्रिलला अल्बम आला, १६ गाण्यांचा. लोकांनी अडीच महिने तयारी केली होती. मध्यरात्री पहिल्याच ठोक्याला अनेकांनी व्हिडिओ रेकॉर्ड केले, आणि दोनच तासांनी आणखी १५ गाणी आली! अल्बम आता ३१ गाण्यांचा होता. 'संपूर्ण समीक्षा' असं शीर्षक दिलेले व्हिडिओ सूर्य उगवायच्या आत अपुरे ठरले. ज्यांच्या वहीत मागच्या दहा वर्षांचं लिहिलेलं होतं त्यांना काही फरक पडला नाही, त्यांना जोडायला आणखी धागे मिळाले.

वहीतून पहिलं पीक अल्बमच्या आधीच घ्यायचं. घोषणा आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये चार ते दहा आठवडे मिळतात, तेव्हा नव्या अल्बमबद्दल अंदाज बांधणारे व्हिडिओ करत बसू नका. त्यांचं आयुष्य अल्बम येईपर्यंतच. त्याऐवजी जुन्या अल्बमवर दोन-तीन भक्कम व्हिडिओ करा. नव्या अल्बमची बातमी ऐकून कलाकाराकडे पहिल्यांदाच वळलेला माणूस 'कुठून सुरुवात करू' हे शोधत असतो, आणि जुना चाहता पुन्हा जुनं ऐकत असतो. दोघेही तुम्हाला मिळतात. शिवाय नवा अल्बम आल्यावर तुमच्या नव्या व्हिडिओच्या शेवटी दाखवायला काहीतरी असतं. तुमच्या चॅनेलची खरी अडचण मला इथेच दिसते. रिअ‍ॅक्शन बघून खूश झालेल्या माणसाला त्याच कलाकारावरचा तुमचा दुसरा व्हिडिओच सापडत नाही. दुकानात गर्दी झाली आणि फळीवर माल एकच, असं ते आहे. एका कलाकाराची एक प्लेलिस्ट करा, क्रम विचारपूर्वक लावा, आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी पुढचा कुठला हे तोंडाने सांगा. नुसतं बटण दाखवून भागत नाही.

हा रस्ता किती दूर जातो याचं उदाहरण म्हणजे 'डिसेक्ट' हा पॉडकास्ट. कोल कुच्ना यांनी २०१६ साली तो सुरू केला, एका पर्वात एकच अल्बम, गाण्यागणिक उलगडत जाणारा. पहिलं पर्व केंड्रिक लमारच्या २०१५ सालच्या अल्बमवर होतं, म्हणजे अल्बम येऊन वर्ष उलटून गेल्यावर. ऐकणारे तरीही आले, कारण त्या खोलीचं दुसरं काही नव्हतं. उलट टोकाला अँथनी फँटानो आहेत, 'द नीडल ड्रॉप' चॅनेलवाले. ते २००९ पासून अल्बमची व्हिडिओ समीक्षा करतात, अल्बम आल्यावर लवकरच. त्यांच्याकडे लोक जातात ते बातमी कळायला नाही, फँटानोंना काय वाटलं ते ऐकायला. पण तो अधिकार वर्षानुवर्षं दर आठवड्याला मत देऊन मिळालेला आहे. चार-पाच हजार सबस्क्रायबर असताना पहिल्या रात्री त्यांच्याशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासारखा नियमितपणा मात्र पाळता येईल.

मग शुक्रवारी गप्प बसायचं का? नाही. शुक्रवारी मी एक छोटं काम करते. अल्बम दोनदा सलग ऐकते, एकदा नुसता, एकदा वही घेऊन. मग चार-पाच मिनिटांचा साधा व्हिडिओ करते: पहिल्या ऐकण्यात काय लक्षात राहिलं, कुठल्या तीन गोष्टींचा शोध पुढच्या आठवड्यात घेणार, आणि तुम्हाला कुठला प्रश्न पडलाय ते खाली लिहा. त्या व्हिडिओला फार व्ह्यूज येत नाहीत. पण खालच्या प्रतिक्रिया म्हणजे पुढच्या महिन्याचं सोनं. लोक स्वतःच्या शब्दांत प्रश्न विचारतात, आणि तेच शब्द उद्या दुसरा कुणी शोधपट्टीत टाइप करणार असतो. माझ्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंपैकी निम्म्यांची शीर्षकं कुणाच्या तरी प्रतिक्रियेतून जवळपास जशीच्या तशी उचललेली आहेत. ज्यांनी विचारलं त्यांना मी त्या प्रतिक्रियेखाली उत्तर देऊन व्हिडिओचा दुवा देते. ते माणूस हमखास येतं, आणि बहुतेकदा राहतं.

विषय निवडताना मुख्य रस्त्यावरून आडवळणाला जा, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' २९ मार्च २०२४ ला आला. त्या शनिवार-रविवारी बियॉन्सेवरच्या व्हिडिओंचा पूर होता. पण त्याच अल्बममध्ये लिंडा मार्टेल यांचा आवाज आहे. नव्या ऐकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, या कोण? लिंडा मार्टेल या कंट्री संगीतात नाव मिळवलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिकांपैकी. १९७० साली त्यांचा 'कलर मी कंट्री' हा अल्बम आला होता, आणि त्यानंतर त्यांची कारकीर्द जवळपास थांबलीच. ही गोष्ट सांगायला बियॉन्सेच्या गाण्याचा एक सेकंदही लागत नाही. स्पर्धा विरळ, कुतूहल ताजं, आणि सांगणाऱ्याला मनापासून बोलता येतं. प्रत्येक मोठ्या अल्बममध्ये असं एखादं दार असतं. बासरी वाजवणारा, मुखपृष्ठाचा छायाचित्रकार, तिसऱ्या गाण्यात वापरलेलं जुनं ड्रम मशीन, पन्नास वर्षांपूर्वीची मूळ चाल. श्रेयनामावली ओळीने वाचा, ते दार सापडतं. त्यात आणखी एक समाधान आहे, कलाकाराच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांची नावं आपल्या तोंडून चार लोकांपर्यंत जातात. मला हे काम आवडतं ते बरंचसं यासाठी.

कॉपीराइटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अल्बमच्या आठवड्यात चॅनेल बुडतात ती इथे, म्हणून जरा थांबते.

सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या अल्बमवर मी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला होता. तीन आठवडे राबून. तीन गाण्यांचे जवळपास मिनिटभराचे तुकडे त्यात होते. प्रकाशित केल्या केल्या एका संगीत कंपनीचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला आणि व्हिडिओ जगभर बंद. दुरुस्त करून पुन्हा टाकेपर्यंत आठवडा गेला. तो अनुभव कुणाला यायला नको.

म्हणून हे नीट समजून घ्या. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा हक्कदारांनी दिलेल्या मूळ ध्वनीशी तुमचा ध्वनी ताडून बघते. जुळला की क्लेम. हक्कदार व्हिडिओ बंद करू शकतो, जाहिरातीचं उत्पन्न स्वतःकडे घेऊ शकतो किंवा नुसतं लक्ष ठेवू शकतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर नोंदली जाणारी कॉपीराइटभंगाची ताकीद, नव्हे. क्लेमने चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक येतो तो हक्कदाराने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावला तर, आणि ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. क्लेमवर हरकत घेतलीत तर समोरच्याला उत्तराला ३० दिवस मिळतात. हरकत पहिल्या पाच दिवसांत घेतली तर मधलं उत्पन्न पहिल्या दिवसापासून बाजूला राखून ठेवलं जातं. पण आपली बाजू खरोखर भक्कम असेल तरच पुढे जा. अपील फेटाळलं गेलं आणि हक्कदाराने व्हिडिओ काढायची विनंती केली तर तिथे स्ट्राइक बसतो.

'दहा सेकंदांपर्यंत चालतं', 'डिस्क्रिप्शनमध्ये श्रेय दिलं की झालं', या दोन्ही समजुती खोट्या आहेत. सेकंदांची अशी कुठलीच मर्यादा कायद्यात नाही. अमेरिकी कायद्याच्या १०७व्या कलमात न्याय्य वापर, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, ठरवायला चार कसोट्या आहेत: वापर कशासाठी, मूळ कृती कशा प्रकारची, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम. हा निकाल शेवटी न्यायालय देतं, यंत्रणा नाही, आणि देशादेशाचा कायदा वेगळा असतो. त्यामुळे मी एक पथ्य पाळते. जिथे मुद्दा ऐकवल्याशिवाय कळणारच नाही तिथेच चार-सहा सेकंदांचा तुकडा, लगेच थांबवून त्यावर बोलणं. बाकी सगळीकडे मी चाल पेटीवर वाजवून दाखवते, ताल टाळीने धरते. चाल ओळखूनही क्लेम येऊ शकतो, पण व्हिडिओ बंद पडण्याचं प्रमाण माझ्यापुरतं तरी फारच कमी झालं. आणि प्रेक्षकांना ते आवडायला लागलं. मूळ गाणं ते कुठेही ऐकू शकतात, उलगडून दाखवलेली चाल त्यांना इथेच मिळते.

एक सोपी सवय लावून घ्या. व्हिडिओ आदल्या दिवशी खासगी ठेवून अपलोड करा. अपलोड होतानाच यूट्यूब तपासणी करून क्लेम येणार असेल तर दाखवतं. तेवढा भाग कापा किंवा मूक करा आणि मगच प्रकाशित करा. माझा तो आठवडा या एका सवयीने वाचला असता.

आणि फुटलेली गाणी? प्रसिद्धीपूर्वी बाहेर आलेल्या गाण्यावर व्हिडिओ करू नका. मोह मोठा असतो, शोध भरपूर असतो. पण स्ट्राइकचा सर्वात जवळचा रस्ता तोच, आणि हल्ली फुटलेलं म्हणून फिरणारं गाणं खरं असेलच याची खात्री उरलेली नाही. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंड या कलाकारांच्या आवाजांची नक्कल करून कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेलं गाणं लाखो लोकांनी ऐकलं होतं. वर्षानुवर्षं मेहनत करून अल्बम घडवणाऱ्या माणसाचं काम त्याच्या परवानगीआधी वापरायचं नाही, हे मला व्यवहाराच्याही आधी सभ्यतेचं वाटतं.

छोट्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात. रील आणि शॉर्ट्स नवी माणसं आणतात, टिकवत नाहीत. एका मोठ्या व्हिडिओतले तीन-चार स्वयंपूर्ण मुद्दे काढून छोटे व्हिडिओ करा आणि प्रत्येकातून मूळ व्हिडिओकडे वाट ठेवा. शॉर्ट्सची लांबी ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत वाढली आहे, तरी मी चाळीस-पन्नास सेकंदांपलीकडे जात नाही. मात्र सगळा डोलारा उसन्या गाण्यावर उभा करू नका. ३१ जानेवारी २०२४ ला युनिव्हर्सल म्युझिक या संगीत कंपनीचा टिकटॉकशी असलेला करार संपला आणि त्यांच्या कलाकारांची गाणी लावलेले असंख्य व्हिडिओ मुके झाले. नवा करार जाहीर झाला १ मे रोजी. ज्यांच्या व्हिडिओत स्वतःचा आवाज होता, स्वतःचं म्हणणं होतं, त्यांचं त्या तीन महिन्यांत बिघडलं नाही.

चाहत्यांचं काय करायचं, हा प्रश्न मोठ्या कलाकारांच्या बाबतीत टळत नाही. नापसंती सांगितली की तुटून पडतात, म्हणून बरेच जण सगळंच छान म्हणत सुटतात. मी हे करून पाहिलंय आणि त्याची किंमत मोजलीय. सलग तीन अल्बमचं गुणगान केल्यावर चौथ्याच्या वेळी एका जुन्या प्रेक्षकाने लिहिलं, 'तुम्हाला सगळंच आवडतं, आता तुमचं मत विचारून काय उपयोग.' ते मला फार लागलं, कारण खरं होतं. तेव्हापासून न आवडलेलं सांगते, पण कुठल्या गाण्यात, कुठल्या कडव्यात, काय ऐकून खटकलं ते दाखवून सांगते. कलाकाराच्या खासगी आयुष्याबद्दल अंदाज बांधत नाही. नेमकेपणाने केलेली टीका चाहतेसुद्धा ऐकून घेतात. त्यांना राग येतो तो न ऐकता बोलणाऱ्याचा. मत बदललं तर महिन्याने पुन्हा व्हिडिओ करून तसं सांगा. 'महिनाभर ऐकल्यावर' अशा धर्तीचे माझे व्हिडिओ पहिल्या समीक्षेपेक्षा जास्त काळ पाहिले जातात.

आकडे बघताना अल्बमच्या आठवड्यातले एकूण व्ह्यूज बाजूला ठेवा, ते अल्बमच्या लोकप्रियतेचं माप आहे. यूट्यूब स्टुडिओमध्ये परत येणारे प्रेक्षक वेगळे दिसतात. अल्बमनंतर सहा आठवड्यांनी ती रेषा कुठे आहे ते बघा. शोधातून किती लोक येतात आणि ते कुठले शब्द टाकून येतात, ते बघा. आणि एक व्हिडिओ पाहून तुमचाच दुसरा किती जण उघडतात, ते बघा. या तिन्हींपैकी एकही हलत नसेल तर विषयापेक्षा मांडणी तपासा: पहिल्या अर्ध्या मिनिटात स्वागत, सबस्क्राइबची विनंती आणि प्रस्तावना यांतच वेळ जातोय का? प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे की उत्तर इथे आहे. लांब व्हिडिओत प्रकरणं जरूर पाडा. वेळेच्या नोंदी किमान तीन हव्यात आणि पहिली ०:०० ची, मग यूट्यूब ती आपोआप दाखवतं. एकाच गाण्यासाठी आलेला माणूस थेट तिथे जातो, आणि बऱ्याचदा मागे सरकून उरलेलंही बघतो.

तुमच्यासाठी पुढचं पाऊल अगदी छोटं आहे. तुम्ही शेवटची रिअ‍ॅक्शन ज्या अल्बमवर केलीत, तो येऊन किती आठवडे झाले ते मोजू नका. त्या व्हिडिओखालच्या सगळ्या प्रतिक्रिया आज रात्री बसून वाचा आणि जिथे जिथे प्रश्नचिन्ह दिसेल ते वहीत उतरवून घ्या. त्यातला जो प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलाय त्यावर या आठवड्यात आठ मिनिटांचा व्हिडिओ करा, गाण्याचा एकही तुकडा न वापरता. आणि त्या तिघांना, ते कितीही जुने असोत, त्यांच्या प्रतिक्रियेखाली जाऊन तो द्या.